तांडेलणीच्या मीटिंगा

फोन वाजला की ती आधी डाव्या हाताने कानावरचा पदर मागे सारायची. मग फोन कानाला न लावता तोंडासमोर आडवा धरायची, पापड भाजायला धरावा तसा, आणि खणखणीत आवाजात विचारायची, "बोला! कोन बोट?"

पलीकडे कोणी का असेना. गॅसवाला असो, कंपनीचा सुपरवायझर असो, क्रेडिट कार्ड घ्या म्हणणारी दिल्लीकडची पोरगी असो, पहिला प्रश्न तोच. एकदा नव्या सुपरवायझरने बावचळून "मी पॅकिंग डिपार्टमेंट" असं सांगितलं, तर ही म्हणाली, "बरं. कुठवर आलाव?"

कुंभवलीच्या आमच्या गल्लीत तिला सगळे तांडेलीण म्हणायचे. नवरा तांडेल होता, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य माणूस. तो गेला, बोट विकली गेली, तेव्हा ती किनाऱ्यावरचं घर सोडून मुलाला घेऊन इकडे आली आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत झाडलोटीला लागली. तिची खोली आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. ती सुकट भाजायला लागली की आमच्या घरात सगळ्यांना भूक लागायची आणि माझी सून खिडक्या लावून घ्यायची. मी त्या पुन्हा उघडायचे.

आता थोडं माझ्याबद्दल सांगते, नाहीतर आमची गट्टी कशी जमली ते तुम्हाला कळणार नाही. मी तरुणपणी पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. डोक्यावर हेडफोन चढला की मला वाटायचं, आपण विमानच चालवतो आहोत. मुंबईची ऑपरेटर 'नंबर प्लीज' नाकातून म्हणायची, म्हणून मीही नाकातून म्हणायला लागले. पुढे ती सवय इतकी वाढली की मी भाजीवालीशीसुद्धा नाकातून बोलायचे, आणि आईला वाटलं मला पडसं झालंय. तिने आठवडाभर मला आल्याचा काढा पाजला. ट्रंक कॉलची वेळ संपली की तार काढून टाकण्यात तर मला कोण ऐट! "कलेक्टरचा फोनसुद्धा मी तोडू शकते," असं मी मैत्रिणींना सांगत फिरायचे. तेव्हा कलेक्टर ठाण्याला बसायचा आणि त्याचा फोन माझ्या बोर्डावर एकदाही आला नव्हता. पण वेणीला रिबीन लावणाऱ्या त्या ठमाकाकूला असल्या बारीकसारीक गोष्टींची पर्वा नव्हती.

हे मी तांडेलणीला सांगितलं तेव्हा तिने मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"म्हंजे तू तारवाली," ती म्हणाली. "मी हवेवाली."

तिच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत एक वायरलेस संच होता. समुद्रावर गेलेल्या बोटी त्याच्यावर बोलायच्या. संच सांभाळणारा माणूस वरचेवर आजारी पडायचा, मग तांडेलीण तिथे जाऊन बसायची. तिथूनच ते 'कोन बोट?' तिच्या जिभेला चिकटलं होतं. त्या दिवसापासून तिने मला टेलिफोनबाय केलं. वयाने मी तिच्यापेक्षा चांगली मोठी, पण तिच्याकडे तुम्ही-आम्ही नव्हतं. ती देवालाही अरे म्हणायची.

तिचा मुलगा एकुलता एक. सातवीपर्यंत शिकलेला, उंच, लाजरा. आमच्या पत्र्यावर चढून गळतीला डांबर लावून द्यायचा आणि चहा दिला तर उभ्यानेच प्यायचा. तिने त्याला कंपनीत लावलं, पण तिथे त्याचं मन रमेना. मग आपल्याकडची कितीतरी पोरं जातात तसा तोही गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. मासे शोधता शोधता बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली म्हणे. पाण्यावर रेघ थोडीच आखलेली असते! पलीकडच्यांनी बोट धरली आणि तिच्यावरची सगळी माणसं तुरुंगात टाकली.

हे आम्हाला कळलं ते बोटीच्या मालकाच्या माणसाकडून, फोनवर. "बोला, कोन बोट?" असं तिने विचारलं आणि त्याने बोटीचं नाव सांगितलं. फोनवर पहिल्यांदाच तिला त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

त्यानंतर आमच्या पालघरच्या फेऱ्या सुरू झाल्या. मोठमोठ्या नव्या इमारती, लांबच लांब व्हरांडे. या टेबलावरून त्या टेबलावर. कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. शेवटी मच्छीमारांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेतल्या एक मॅडम भेटल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "मावशी, पलीकडची काही चांगली माणसं खटपट करताहेत. जमलं तर पोरांना व्हिडिओ मीटिंगवर दाखवतील. तुमच्या मोबाईलवर लिंक येईल. कधी येईल ते सांगता येत नाही, पण आली की चुकवू नका."

चुकवू नका. हे दोन शब्द तिने पदराला बांधून आणले.

दुसऱ्या दिवसापासून तिने काय केलं असेल? तुम्ही-मी केलं असतं का, सांगा. तिने आपला नंबर वाटायला सुरुवात केली. समुद्रावरचा तिचा हिशोब सरळ होता. जितक्या बोटींना आपली खबर, तितकी निरोप पोचण्याची आशा. बोईसर स्टेशनबाहेर टेबल मांडून 'लकी ड्रॉ, नाव-नंबर लिहा' म्हणणारी पोरं बसतात ना, तिथे तिने नंबर दिला. फुकट शुगर तपासणाऱ्यांना दिला. प्लॉट विकणाऱ्यांना दिला. मॉलच्या दारात चिठ्ठ्या टाकायची पेटी होती, तिच्यात टाकला. मोबाईलच्या दुकानदाराने तिच्या फोनमध्ये काहीतरी घातलं, त्यालाही सगळीकडे 'हो, हो' दाबायला सांगितलं.

मग आमंत्रणं यायला लागली.

आपल्यालाही येतात, नाही असं नाही. आपण शिवी हासडून पुसून टाकतो. तिला मात्र पाऊस पडावा तशी यायची. 'आजच सामील व्हा.' 'तुमची जागा राखून ठेवली आहे.' 'मीटिंग सुरू होत आहे, सगळे तुमची वाट पाहत आहेत.' शेअर बाजार, घरबसल्या कमाई, वजन घटवा, केस वाढवा, अस्खलित इंग्रजी, कुंडली, वास्तू, परदेशी नोकरी. फोनच्या कॅलेंडरमध्ये आपोआप नोंदी पडायच्या आणि फोन दिवसभर टिंग टिंग करायचा. ती हातातला झाडू टाकून धावायची.

"टेलिफोनबाय, बग गो! सगले माजी वाट बगतात म्हनं!"

पहिल्या मीटिंगला तिने माझ्या देखत इस्त्रीचं लुगडं नेसलं, कुंकू लावलं आणि तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. मी शेजारी बसले. पडद्यावर एक घट्ट कपड्यातली बाई आली आणि म्हणाली, पोटावरची चरबी हीच आपली शत्रू आहे. तांडेलणीच्या अंगावर चरबी शोधायला भिंग लागलं असतं. तरी ती शेवटपर्यंत मान डोलवत बसली. शेवटी त्या बाईने विचारलं, "किसी का कोई सवाल?"

तांडेलणीने हात वर केला. मीच तिला आवाज चालू करून दिला.

"हां माताजी, बोलिए, आपको कितना कम करना है?"

"मेरा पोरगा उदर जेल में हाय," तांडेलीण म्हणाली. मग तिने बोटीचं नाव सांगितलं, नंबर सांगितला, पोराचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं. "किसी ने देखा तो उसको बोलो, आई कुंभवली में हाय. तब्बेत संभाल. ओवर."

मग त्या बाईने तिचा आवाज बंद केला आणि पुढच्या माणसाला त्याचं वजन विचारलं.

मी हसले. तुम्हाला खोटं सांगत नाही, भिंतीकडे तोंड करून पोट धरून हसले. तांडेलीण रागावली नाही. "पयला दिवस हाय," ती म्हणाली. "चॅनेलवर आपला आवाज वलकीचा व्हायला लागते."

तिसऱ्या-चौथ्या मीटिंगनंतर मला हसू येईनासं झालं.

मी तिला समजावून पाहिलं. हे निरोप कोणी माणूस पाठवत नाही, यंत्र पाठवतं. हे सगळे काही ना काही विकायला बसलेले आहेत. यातले कित्येक भामटे आहेत. मी एकेक बंद करून देते, म्हणजे खरं आमंत्रण आलं की तुला कळेल तरी. मी तिच्या फोनला हात लावला तर तिने तो पोटाशी घट्ट धरला.

"येनारा आवाज तोडायचा नाय, बाय."

"अगं, पण चोर आहेत ते!"

"असू देत. चोराला डोले नसतात काय?"

मग तिने मला ती गोष्ट सांगितली. एकदा वादळ झालं. गावातल्या सगळ्या बोटी परत आल्या, हिच्या नवऱ्याची आली नाही. ही सोसायटीच्या खोलीत संचापुढे बसून होती. संचावर कुठल्या तरी परक्या बोटीवरचा दारू प्यालेला माणूस गाणी म्हणत होता. एक झालं की दुसरं. सोसायटीचा चेअरमन वैतागून म्हणाला, बंद कर तो गाढव. ही म्हणाली, नाय. "त्याची सगली गानी आयकली मी. मंग तो दमला. मंग बोलला, वाटेत एक बोट बगितली, मशीन बंद, काठीला हिरवा लुगडा बांदलाय. लुगडा माजा व्हता, टेलिफोनबाय. मी दिलेला, जुना जाला म्हनून, मशीन पुसायला."

मी आयुष्यभर वेळ संपली की तार काढणारी बाई. आमंत्रणं बंद करून देण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

ती कामावर फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. आंघोळीला जाताना तो माझ्याकडे सोपवायची आणि आतून दर मिनिटाला ओरडायची, "वाजला काय?" होळीला तिच्या गावाहून भाऊ बोलवायला आला. किनाऱ्यावर होळीपेक्षा मोठा सण नाही, तरी ही गेली नाही. तिथे रेंज नीट येत नाही म्हणे. कंपनीत झाडताना मध्येच थांबून ती शेअर बाजाराचं भाषण ऐकत उभी राहायची. सुपरवायझरने दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा तिला आतल्या खात्यातून काढून गेटबाहेरचा रस्ता झाडायला लावलं. ती खूश झाली. बाहेर रेंज चांगली होती.

जेवण कमी झालं. डोळे खोल गेले. भिंतीपलीकडून दिवसभर तिचा आवाज यायचा, तेच बोटीचं नाव, तोच नंबर, 'तब्बेत संभाल, ओवर'. माझी सून एरवी खिडक्या लावणारी, पण तीही एकदा पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "आई, आता मलाही तो बोटीचा नंबर पाठ झालाय."

सगळेच तिला झिडकारायचे असंही नाही. इंग्रजी शिकवण्याच्या मीटिंगला एक तरुण मुलगी होती. तांडेलणीचं ऐकून तिने शिकवणं थांबवलं. बोटीचं नाव पुन्हा विचारलं. मग मीटिंगमधली अनोळखी माणसं पडद्याच्या कडेला एकेक ओळ लिहायला लागली. मी तिला वाचून दाखवलं. कोणी लिहिलं होतं, 'माई, मिल जाएगा.' कोणी नुसते हात जोडले होते. एकाने लिहिलं होतं, 'मेरा भाई भी दो साल से नहीं आया.'

"त्याला बोल," तांडेलीण लगेच म्हणाली, "भावाचा नाव सांग. मी पुडच्या मीटिंगला बोलते."

आणि खरंच, पुढच्या कुंडलीच्या मीटिंगला तिने स्वतःच्या पोराच्या नावापाठोपाठ त्या भावाचंही नाव घेतलं.

पण तिची हाक एका नको त्या माणसानेही ऐकली. त्याने थेट तिलाच आमंत्रण पाठवलं. मीटिंगमध्ये तो एकटाच होता, मागे पांढरी भिंत. गोड बोलायचा. म्हणाला, "मांजी, आपका बेटा मेरे पास है. छुड़ा दिया मैंने." त्याने फोन फिरवला. कोपऱ्यात एक पोरगा पाठ करून बसला होता, डोक्यावरून चादर घेतलेला. उंची तशीच. खांदेही तसेच. तांडेलणीचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट बसला की बांगडी रुतली.

"पहले फोन पे जो नंबर आएगा वो बोलो, फिर बात कराता हूं," तो म्हणाला.

मी मानेने 'नाही, नाही' करत होते. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती त्या चादरीकडे पाहत होती. फोनवर नंबर आला. ती तोंड उघडून तो सांगणार, एवढ्यात थांबली.

"त्याला खोकायला सांग," ती म्हणाली.

"क्या?"

"खोक बोल त्याला. एक बार."

तो माणूस गोंधळला. मग चादरीतला पोरगा खोकला.

तांडेलणीने माझं मनगट सोडलं. "नाय," ती म्हणाली, आणि लाल खुणेवर अंगठा दाबून तिने स्वतः मीटिंग बंद केली. इतक्या दिवसांत येणारा आवाज तिने तोडला तो एवढाच. मग ती भिंतीला टेकून बसली आणि लहान पोर रडतं तशी मोठ्याने रडली. "मी सांगनार व्हती गो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तो नाय ते कललं तरी सांगनार व्हती. म्हनलं, कोनाचा तरी पोर हाय ना त्या चादरीत."

मला वाटलं, आता तरी थांबेल. सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "बोला! कोन बोट?"

खरं आमंत्रण आलं ते भर दुपारी. पालघरच्या मॅडमनी आधी फोन करून सांगितलं, "मावशी, आत्ता येईल ती लिंक आपली. इतर काही उघडू नका." तोवर आणखी पाच-सहा फालतू लिंका येऊन पडल्या होत्या. घाईघाईत नेमकी ती उघडताना मी दोनदा केस वाढवण्याच्या तेलावर जाऊन आदळले. एके काळी पूर्ण बोर्ड सांभाळणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

पडद्यावर चौकटी उघडल्या. किनाऱ्यावरच्या गावागावांतल्या बायका, म्हातारे, एक अगदी तान्हं मूल. मधल्या मोठ्या चौकटीत एक खोली, खुर्ची, तिच्यामागे रांगेत उभी असलेली माणसं. मॅडमनी सांगितलं, पलीकडची अट आहे. पोरं बोलतील, घरच्यांनी फक्त ऐकायचं. घरच्यांचे आवाज तिकडून बंद ठेवलेले आहेत, ते चालू होणार नाहीत.

हे मी ऐकलं. तांडेलणीने ऐकलं नाही. ती रांगेतले चेहरे शोधत होती.

तो आला. खुर्चीवर टोकाला बसला. दाढी वाढलेली, मान बारीक झालेली. समोरच्या पडद्यावर त्याने आईची चौकट शोधली.

"आये," तो म्हणाला, "मी बरा हाय."

"बरा कसला, मान बग तुजी!" ती ओरडली.

"जेवन भेटते."

"भात भेटते काय? मासली भेटते?"

"भातच असते जास्ती करून. तुजा गुडगा कसा हाय?"

"गुडग्याला काय धाड भरलेय! तू कंदी येतेस?"

"औषद घे टायमावर. मी येईन. टाइम लागेल, पन येईन."

पडद्याच्या कोपऱ्यात माइकच्या चित्रावर लाल रेघ मारलेली होती. तिचा एकही शब्द तिकडे जात नव्हता. आणि तरी बघा, तिचे प्रश्न आणि त्याची उत्तरं एकमेकांत अशी बसत होती की जणू दोघं उंबऱ्यावर बसून बोलत आहेत. मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढे झुकून, हातवारे करत, रागावत, हसत बोलत होती. शेजारच्या लग्नाची बातमी दिली. पत्रा गळतो आहे, पण तू आल्यावर बघ, म्हणाली. मग मागच्या कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो उठला.

मीटिंग संपली. ती मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रक्त आलं होतं.

"किती बोललो गो आमी!" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "पोटभर बोललात."

त्या दिवशी ती जेवली. माझ्या सुनेने भरलेलं ताट नेऊन दिलं, तेही संपवलं. फालतू आमंत्रणांना मात्र तिने त्यानंतरही नाही म्हटलं नाही. आता ती तिथे आपल्या पोराची खबर विचारायची नाही, इतरांच्या पोरांची नावं सांगायची. त्या रांगेत मागे उभ्या असलेल्यांची. नावं ठाऊक नव्हती त्यांची वर्णनं सांगायची. "एक टकला हाय, उजव्या अंगाला उबा व्हता. त्याच्या घरी बोला, बरा हाय."

पावसाळा सरता सरता तिला कावीळ झाली. अंगात काही राहिलंच नव्हतं. पालघरच्या दवाखान्यात नेलं, तिथून घरी आणलं, आणि दोन दिवसांनी ती गेली. भाऊ आला होता. त्याने आणि गल्लीतल्या माणसांनी सगळं केलं. अग्नी द्यायला मुलगा नव्हता.

भाऊ तिची भांडी घेऊन गेला आणि फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ह्याचा काय करायचा ते तुमीच बगा." मी नंबर चालू ठेवला, कारण मॅडमकडे तोच एक नंबर होता. पोराला कळवायला मॅडमनी पत्र पाठवलं होतं. ते पलीकडे पोचलं की वाटेतच राहिलं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

थंडीत पुन्हा लिंक आली. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही बसाल का? निदान त्याची तब्येत तरी कळेल."

मी बसले. केस विंचरले, चष्मा पुसला. आत गेल्यावर माझा अंगठा कॅमेऱ्याच्या खुणेवर होता. दाबला असता तर त्याच्या आईच्या चौकटीत मी दिसले असते. तो मला चांगला ओळखतो. आईच्या जागी मी का, हे त्याला क्षणात कळलं असतं. तिथे, त्या खुर्चीवर, मागे रांग उभी असताना. आणि आमचे आवाज तिकडून बंद. एक शब्द मी त्याला बोलू शकले नसते. मी अंगठा उचलला.

तो खुर्चीवर बसला. त्याची नजर एकेका चौकटीवरून फिरत फिरत आमच्या काळ्या चौकटीवर आली. फोन तिचा, त्यामुळे तिथे पांढऱ्या अक्षरांत तिचंच नाव उमटलं होतं. ते वाचून त्याचा चेहरा उजळला.

"आये, तुजा कॅमेरा बंद हाय."

तो थांबला.

"खालती बग, चित्र हाय ना, त्याच्यावर दाब."

तो पुन्हा थांबला. मागून कोणीतरी घाई कर म्हणालं. तो हसला.

"असू दे. नाव दिसते तुजा. हायेस ना, बास."

मग तो खुर्चीवरून उठला. "मी जाडा जालो बग आता," असं म्हणून त्याने अंगातला ढगळ सदरा पोटावर ताणून मागून मुठीत घट्ट धरला, आणि आईला नीट दिसावं म्हणून पडद्यासमोर सावकाश एकदा गोल फिरला.